टाकीतला लव्हाळा: रीफ टँकमधली उपद्रवी समुद्रफुलं ओळखायची कशी आणि काढायची कशी

येळ्ळूरचे मामा बाजारच्या दिवशी बेळगावात आले की आमच्या घरी चहाला टेकतात. एकदा त्यांनी माझ्या रीफ टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरलं (प्रवाळं) आणि मासे पाळायच्या टाकीच्या, काचेला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे काय, पाण्यात लव्हाळा लावलायस काय?"

तीन आठवड्यांपूर्वी त्या दगडावर तपकिरी, काचेसारखं पारदर्शक असं एकच समुद्रफूल (सी अॅनिमोनी; नाव फुलाचं, असतो प्राणी) होतं. जुना टूथब्रश घेऊन मी ते खरवडून काढलं आणि मोहीम फत्ते म्हणून झोपलो. मामा आले त्या दिवशी मोजली तर सतरा. हकीकत ऐकून मामा म्हणाले, "मग तेच की रे. उपटलास, खरं गाठ राहिली खाली." (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.)

ज्यानं भाताच्या बांधावरचा लव्हाळा उपटलाय त्याला या प्राण्याचा निम्मा स्वभाव आधीच कळलेला असतो. वरचं पातं हातात येतं आणि खालची नागरमोथ्याची गाठ मातीत हसत बसते. अर्धवट मारायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलंत तर खालचं सगळं सोपं जाईल.

आधी ओळख पटवा

मुख्य उपद्रवी दोन. पहिलं आयप्टेशिया. इंग्रजीत त्याला काचेचं समुद्रफूल अशा अर्थाचं नाव आहे आणि ते बरोबर बसतं. शास्त्रीय नाव एग्झाइप्टेशिया डायफना. खोड लांब आणि बारीक, वर छोटीशी तबकडी, तिच्या कडेनं टोकदार, सडपातळ शुंडकांचे (टेंटॅकल्सचे) झुपके. आतली शुंडकं लांब आणि बाहेरची आखूड असतात. रंग चहासारखा तपकिरी, कारण अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. अंधाऱ्या कोपऱ्यातलं आयप्टेशिया जवळजवळ पांढरं असतं. ते शैवालाविनाही नुसतं खाऊन जगतं. म्हणून 'आठवडाभर दिवे बंद ठेव, मरेल' हा सल्ला कुणी दिला तर हो म्हणा आणि विसरा. त्या काळोखात तुमची कोरलं मात्र मरतील.

ओळखायची माझी पद्धत साधी आहे. लांब काडीनं हलकेच स्पर्श करायचा. आयप्टेशिया डोळ्याचं पातं लवायच्या आत भोकात ओढलं जातं, काय होतं तेच दिसत नाही. फार छळलंत तर खोडाच्या अंगातून पांढरे धागे बाहेर पडतात. तेही डंख मारणारे असतात. ते दिसले की शंका उरत नाही.

दुसरं मजानो, म्हणजे अॅनिमोनिया मजानो. हे बुटकं आणि जाडसर. शुंडकं आखूड, टोकाला फुगीर, हिरवट किंवा गुलाबी-जांभळ्या छटेची. दिसायला देखणं, म्हणूनच जास्त घातक. नवा माणूस त्याला बबल-टिप समुद्रफुलाचं पिल्लू समजतो आणि कौतुकानं वाढवतो. आमच्या गल्लीतलं कन्नड शेजाऱ्यांचं पोरगं त्याला 'समुद्रद हूवु' म्हणायचं. मला ते काढताना जरा वाईटच वाटलं. मजानो आयप्टेशियाएवढं चटकन मिटत नाही, पण दगडाच्या भेगेत पाय असा रोवतं की निघता निघत नाही.

आता चुकून बळी जाणाऱ्यांबद्दल. इथं घाई केलीत तर पैसे देऊन आणलेला जीव स्वतःच्या हातानं माराल. शुंडकं पिसासारखी, दोन्ही बाजूंना केसाळ आणि खाली कागदी नळी दिसली तर तो पंखा-किडा आहे. निरुपद्रवी, पाणी गाळणारा, राहू द्या. सपाट तबकडीच्या अगदी कडेला आखूड शुंडकांच्या दोन रांगा असतील तर ते झोअँथिड. समुद्रफूल नव्हे, आणि विषामुळं त्याला जपून हाताळायचं. त्याबद्दल पुढं सांगतो. फक्त रात्री उमलणारं, अंगानं पारदर्शक आणि प्रत्येक शुंडकाच्या टोकाला मण्यासारखी गोळी असलेलं असेल तर ते स्यूडोकोरिनॅक्टिस. एखाददुसरं असेल तर मी हात लावत नाही. बारीक देठावर छोट्या बोंडासारखं दिसत असेल आणि नीट तबकडीच नसेल तर हायड्रॉइड. तोही उपद्रवीच, पण त्याचे उपाय वेगळे. काडी टेकवली आणि खाली टणक कडा लागली तर ते कोरलचं पिल्लू आहे. काडी बाजूला ठेवा.

बघायची उत्तम वेळ म्हणजे दिवे बंद झाल्यावर तासाभरानं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. गणपतीच्या मखराला आणलेला उरलेला असतोच घरात. एक भिंग घ्या आणि दगडाचं बाजूनं, खालून निरीक्षण करा. समोरून दिसतात त्याच्या दुप्पट मागच्या बाजूला असतात.

जाता जाता एक गंमत. ज्याला आपण मारायला बसतो तेच आयप्टेशिया प्रयोगशाळांतून लाडानं पाळतात. प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी कशी चालते, प्रवाळ पांढरं का पडतं, हे शोधायला ते सोयीचं. लवकर वाढतं, सहज मरत नाही. २०१५ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. 'सहज मरत नाही' हे त्यांच्या कामाचं आणि आपल्या डोकेदुखीचं.

टूथब्रश का नडला

हा प्राणी दोन तऱ्हांनी वाढतो. एक, अंडी-शुक्राणूंपासून पोहणाऱ्या अळ्या. दुसरी तऱ्हा घातक: पायाची तबकडी दगडावरून सरकताना मागं बारीक तुकडे सोडते आणि त्या प्रत्येक तुकड्याचं नवं समुद्रफूल होतं. चाकू, ब्रश, चिमटा यांतलं काहीही टँकच्या आत वापरलंत की हेच काम तुम्ही त्याच्यासाठी करता. वर पंप चालू असतील तर तुकडे घरपोच पोचवले जातात.

म्हणून नियम: टँकच्या आत खरवडायचं नाही, कापायचं नाही, ओढायचं नाही.

मोजणी आणि नकाशा

एका कागदावर दगडांचं ढोबळ चित्र काढा आणि प्रत्येक समुद्रफुलाला फुली मारा. पाच मिनिटांचं काम, पण यावरच पुढचा मार्ग ठरतो. दहाच्या आत असतील तर सुई आणि चुना पुरे. तीस-चाळीस असतील तर सुईच्या जोडीला झिंगे. शेकड्यात असतील तर एकेकाला टोचत बसणं म्हणजे शेतातलं तण चिमट्यानं वेचणं. तिथं त्यांना खाणारा जीवच आणावा लागतो.

फुली मारताना एक बघा: दगड सुटा आहे का, त्यावर कोरल आहे का? सुटा, कोरल नसलेला दगड बाहेर काढता आला तर अर्धी लढाई तिथंच जिंकता. असा दगड बादलीत घ्या, छिन्नीनं समुद्रफुलाभोवतीच्या बोटभर दगडासकट तुकडाच उडवा, खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवा. कोरलच्या फ्रॅगखालच्या (फ्रॅग म्हणजे वाढवायला तोडलेला कोरलचा छोटा तुकडा) गोल बुंध्यावर असेल तर कोरल कापून नव्या बुंध्याला चिकटवा आणि जुना बुंधा कचऱ्यात टाका. धुऊन परत वापरायचा मोह होतो. मला झाला होता. करू नका.

चुन्याचं औषध

निपाणीकडच्या मंडळींना चुना शिकवायची गरज नाही. तंबाखूच्या गावात पोरंसुद्धा चुन्याची नखभर मात्रा बिनचूक सांगतात. रीफवाले ज्याला काल्कवासर म्हणतात ती दुसरीतिसरी काही नसून आपली चुन्याची निवळी, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. निवळी कॅल्शियमसाठी टँकमध्ये सोडतात. आपल्याला हवा तो त्याचा दाट लगदा. मुरलेल्या निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, टँकचं पाणी ८.१ ते ८.४. एवढा फरक तोंडातच पडला की समुद्रफूल आतून भाजून निघतं.

पानपट्टीवरची ट्यूब चालेल का, हे मला प्रत्येक जण विचारतो. नको. त्यात आणखी काय-काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. भिंतीच्या सफेदीचा चुना तर अजिबातच नको. मत्स्यालयासाठीची किंवा खाद्य दर्जाची कॅल्शियम हायड्रॉक्साइड पूड घ्या आणि बरणी घट्ट बंद ठेवा. उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुडीचा खडू होतो, आणि खडूनं काही मरत नाही.

सामान: ३ मिलीची सिरिंज, १८ गेजची गुलाबी बुडख्याची सुई (मेडिकलवाला 'गायीला टोचायचंय काय' म्हणाला, मी हो म्हणालो), रबरी हातमोजे आणि चष्मा. चष्मा हा शोभेचा भाग नाही. चुन्याची ट्यूब दाबताना पोरांच्या डोळ्यांत उडून बुबुळं जळाल्याच्या घटना आपल्याकडं नवीन नाहीत. डोळ्यात गेलाच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडं जा.

पूड आधी मैद्याच्या चाळणीतून चाळा, नाहीतर गुठळीनं सुई तुंबते आणि जोर लावल्यावर सगळा माल एकदम उडतो. एक चहाचा चमचा पुडीत थेंब-थेंब आरओचं पाणी घालत कालवा. टूथपेस्टपेक्षा सैल आणि भज्याच्या पिठापेक्षा घट्ट झालं की थांबा. पातळ झालं तर पाण्यात ढग होऊन पसरतं, घट्ट झालं तर सुईतून येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सगळे पंप बंद, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद. पाणी स्तब्ध व्हायला दोन मिनिटं द्या, समुद्रफूल पुरतं उमलू द्या. मग हात पाण्यात बाजूनं घाला, वरून नव्हे. वरून सावली पडते आणि ते मिटतं. सुईचं टोक तोंडाच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून आणा. भोसकायची घाई करू नका, हीच चूक सगळे करतात. आधी चिमूटभर लगदा हलकेच तबकडीवर सोडा. त्याला ते खाणं वाटतं. शुंडकं आत वळतात आणि ते स्वतःच चुना गिळतं. तेवढ्यात आणखी थोडा सोडा. मिटून भोकात गेलं तर सुई मागोमाग भोकाच्या तोंडाशी नेऊन भोक भरून टाका. घरटं बुजवल्यासारखं.

खालच्या दगडापासून वर या. वरून सुरुवात केलीत तर ओघळणारा लगदा खालच्यांवर पडतो, ती आधीच मिटतात आणि तुमची पाळी येईपर्यंत उमलत नाहीत. कोरलच्या अगदी डोक्यावर असलेलं एखादं असेल तर त्या दिवशी सोडून द्या, दगड वळवता येईल त्या दिवशी बघा. कोरलवर ओघळ पडलाच तर पिचकारीनं लगेच उडवा. चुन्याला कोरल आणि समुद्रफूल यांतला फरक कळत नाही.

पंधरा मिनिटं पंप तसेच बंद ठेवा. या वेळात पांढरे गोळे दिसतील. ते बारीक नळीनं शोषून बादलीत काढा, मगच पंप सुरू करा. आमच्या दोनशे लिटरच्या टाकीत एका बैठकीला पाच-सहापेक्षा जास्त मी घेत नाही. पीएच मोजायचा, ८.५ कडं सरकला की त्या दिवसाचं काम बंद. मेलेलं समुद्रफूल सडून पाणी बिघडवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दहा टक्के पाणी बदलतो.

तीन दिवसांनी नकाशा घेऊन परत बघा. काही वाचलेली असतात, काहींच्या शेजारी टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं दिसतात. आठवड्यानं दुसरी फेरी, मग तिसरी. पहिल्या फेरीनंतर टँक स्वच्छ दिसतो आणि माणूस हुरळून सुट्टी घेतो. लव्हाळ्याला तेवढंच हवं असतं.

बाजारात तयार औषधंही मिळतात, रेड सीचं आयप्टेशिया-एक्स वगैरे. चांगली आहेत, सोपी आहेत, महाग आहेत. पद्धत हीच. लिंबाचा रस आणि कडकडीत गरम आरओचं पाणी हेही चालतात, पण लहानांवरच, आणि गरम पाण्याची सिरिंज पहिल्यांदा तुमचीच बोटं भाजते. मिठाचं तेजाब किंवा कॉस्टिक वापरणाऱ्यांचे सल्ले मी वाचले आहेत. घरात लहान मुलं असताना त्या बाटल्या आणायचीच गरज काय? आणि तांबं असलेलं कुठलंही औषध टाकू नका. समुद्रफूल मरो न मरो, झिंगे, गोगलगायी, कोरल सगळं जाईल.

डिंकाचाही उपाय आहे. भोकात मिटलेल्या समुद्रफुलावर जेलवाला सुपरग्लू किंवा इपॉक्सीचा गोळा बसवून भोक कायमचं बंद करायचं. पातळ फेविक्विक पाण्यात तरंगतं, ते नको. भोकाला दुसरं तोंड असेल तर महिन्याभरानं ते शेजारून डोकावतं. मला दोनदा डोकावून दाखवलंय.

मजानोला हाच चुना, पण लगदा जास्त घट्ट आणि फेऱ्या जास्त. दगड बाहेर काढता येत असेल तर मजानोसाठी छिन्नीच बरी.

दगड उकळू नका

हे वेगळं लिहितोय कारण यात जीव जाऊ शकतो. 'सगळा दगडच पातेल्यात उकळून काढू' असं सुचतंच. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. ते उकळल्यानं नष्ट होत नाही, वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात असा दगड उकळून सगळं कुटुंब इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत. झोअँथिड असलेला दगड उकळायचा नाही, कोरडा घासायचा नाही, आणि हातावर जखम असताना उघड्या हातानं धरायचा नाही.

फार बिघडलेला, कोरल नसलेला दगड उन्हात वाळवणं हा सर्वांत स्वस्त इलाज. मार्च ते मे बेळगावच्या गच्चीवर तीन-चार आठवडे ठेवलात की आतपर्यंत कोरडा होतो. जून लागला की विसरा. आमच्या आषाढात गच्चीवर पापड वाळत नाहीत, तिथं दगड कुठला. वाळलेला दगड परत टाकताना तो नवा दगड समजा, त्याचे जिवाणू मेलेले असतात. सगळेच दगड एका वेळी वाळवलेत तर टाकीचं नायट्रोजन चक्र पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

खाणारे जीव आणताना

पेपरमिंट झिंगा हा सर्वांत परवडणारा मदतनीस. अंग पारदर्शक, त्यावर लालसर रेषा, पाठ सरळ. त्याच्या नावाखाली उंट-झिंगा गळ्यात मारला जातो: पाठीला कुबड, मोठे बटबटीत डोळे, लाल-पांढरी जाळी. तो कोरलच खातो. माझ्यावर हा प्रसंग आलाय. रात्रीच्या बसनं थर्माकोलच्या डब्यातून पार्सल आलं, पहाटे साडेपाचला स्टँडवर जाऊन घेतलं, घरी येऊन उघडलं तर तिन्ही कुबडे. विकणाऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "एकच असतंय सर." एकच नसतंय. पैसे द्यायच्या आधी बाजूनं काढलेला फोटो मागा.

दोनशे लिटरला तीन-चार झिंगे पुरतात. टँकच्या पाण्याशी जुळवताना तासभर तरी थेंब-थेंब पाणी द्या. खारेपणातला झटका त्यांना सोसत नाही, थंडीतल्या प्रवासानंतर तर मुळीच नाही. ते रात्री काम करतात आणि लहान आयप्टेशियाच आवडीनं खातात. मोठं झाड सुईनं, पिल्लं झिंग्यानं अशी वाटणी मला मानवली. सगळेच झिंगे खातात असं नाही. पोट भरलेला तर खातच नाही, म्हणून ते आल्यावर माशांचं खाणं कमी करा. मजानोला ते बहुधा तोंड लावत नाहीत.

बर्घिया ही दोन-अडीच सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय, शंख नसलेली. आयप्टेशियाशिवाय ती काहीच खात नाही. औषधापेक्षा कितीतरी सभ्य उपाय, पण संयम हवा: फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. दिवे गेल्यावर नळीनं थेट समुद्रफुलांच्या पायथ्याशी सोडायची आणि पंपांच्या तोंडाला स्पंज बांधायचा. पेपरमिंट झिंगे आणि रास मासे तिला खातात, तेव्हा दोन्ही उपाय एकत्र आणू नका. आयप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते. त्याआधी ज्याच्याकडं लागण आहे त्याला देऊन टाकायची. मला त्या बेळगावात कधी मिळाल्या नाहीत, मागवाव्याच लागतात.

कॉपरबँड बटरफ्लाय मासा आयप्टेशिया खातो, आणि त्याचं लांब तोंड बघून कुणालाही भुरळ पडते. साडेचारशे लिटरपेक्षा लहान टाकीत तो आणू नये असं माझं मत. बरेचदा तो नव्या टाकीत खाणंच सोडतो आणि डोळ्यांदेखत झिजून मरतो. शिवाय पंखा-किडे आणि शिंपल्यांनाही टोचतो. आयप्टेशिया खाणारा फाइलफिश जरा काटक आहे, पण कधीमधी कोरलची चव बघतो. उपद्रव काढायला आणलेला मासा वर्षानुवर्षं पोसावा लागतो, हे पैसे मोजताना आठवत नाही.

वाढतात कशावर

आमच्याकडं उत्तर आज्जी होती. मी सकाळी मोजून खाणं घालायचो. दुपारी पाणी पुन्हा गढूळ. एके दिवशी लवकर घरी आलो तर आज्जी डबा घेऊन उभी. "उपाशी दिसायलेत रे मासे. तोंड उघडून बघायलेत माझ्याकडं." मासे तोंड उघडतात ते श्वासासाठी, हे तिला पटलं नाही. शेवटी रोजचं खाणं एका छोट्या वाटीत काढून ठेवायला लागलो: ही वाटी तुझी, यातलंच घालायचं, संपली की संपली. महिन्याभरात नवी पिल्लं येणं निम्म्यावर आलं. मेहनत माझी, खरं गुण वाटीचा.

गोठवलेलं खाणं जाळीत धुऊनच घाला, त्याचा रस म्हणजे समुद्रफुलांची खीर. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली ठेवायला बघा. शून्यावर नेऊ नका, कोरलही उपाशी मरतात. वरून भरायला आरओचंच पाणी वापरा. नळाला राकसकोपचं पाणी येवो वा विहिरीचं, थेट टँकमध्ये नको.

येतात कुठून

बहुतेक वेळा विकत आणलेल्या फ्रॅगच्या बुंध्यावरून. औषधी पाण्यात बुडवल्यानं आयप्टेशिया खात्रीनं मरत नाही, म्हणून नवा फ्रॅग चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून रोज रात्री लाल उजेडात बघा. वीस लिटरची टाकी, हीटर, छोटा पंप एवढं पुरतं. हिवाळ्यात हीटर विसरू नका. बेळगावची पहाट प्रवाळांसाठी नाही.

दुसरा मार्ग आपल्या बाजूचा. चोर्ल्यानं गोवा किंवा आंबोली उतरून वेंगुर्ला, दोन्ही किनारे एका दिवसाच्या फेरीतले. परतताना गाडीत एखादा सुंदर भोकाभोकांचा दगड येतो. एक तर त्यात काय दडलंय ते कळत नाही. दुसरं म्हणजे रीफ बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलणं हा गुन्हा आहे. कोरडा कृत्रिम दगड घ्या, आणि कोरल विकत घेताना पावती व कागदपत्रं मागा. दुकानदार कागद दाखवायला कां-कूं करत असेल तर तिथून काही घेऊ नका.

राहून जाणाऱ्या जागा

टँक स्वच्छ झाला तरी ओव्हरफ्लोची पेटी, सम्पच्या (टँकला जोडलेल्या, पाणी गाळायच्या टाकीच्या) काचेच्या फटी, हीटरचा मागचा भाग आणि तिथून पाणी वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाचं पोट बघायचं राहतं. सम्पमधल्यांना मी टोचत बसत नाही. काचेवर असतील तर रिकाम्या एटीएम कार्डानं पंप बंद करून एका फटक्यात, तुकडा न सोडता सोडवतो आणि लगेच नळीनं ओढून घेतो. खरवडू नये या नियमाला हा एकच अपवाद, कारण गुळगुळीत काचेवर पाय अख्खा निघतो. पंप दर तीन महिन्यांनी खोलून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा बादलीत तासभर चालवायचा, मग साध्या पाण्यात पाच मिनिटं.

मागच्या महिन्यात असाच पंप खोलला तर आत, पात्याच्या मागं, अंधारात वाढलेलं एक होतं: पांढरंफेक, बोटभर लांब. मामा बसले होते. त्यांना दाखवलं. चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी ते नीट बघितलं आणि म्हणाले, "ही बघ गाठ." मग व्हिनेगरची बादली स्वतःच पुढं ओढली.